फाटकापलीकडचं साडेआठचं इंजेक्शन

माझ्याबद्दल आईची जुनी तक्रार होती, की पोरगी नर्स झाली पण बोलते फौजदारासारखी. तक्रार खोटी नव्हती. मिरजेला नर्सिंग केलं, एजवेअरला राहून लंडनच्या वॉर्डांत आठ वर्षं काढली, मग एडिनबरा. आणि प्रत्येक ठिकाणी लोक पहिल्या आठवड्यात माझ्या आवाजाबद्दल आणि महिन्याभरानं माझ्या कामाबद्दल बोलायला लागले. मला दोन्ही चालतं. काम मला चांगलं येतं. हे मी स्वतःच सांगते, कारण ते सांगायला दुसरं कोणी वेळेवर हजर असेलच असं नाही.

साडेतीन वर्षांपूर्वी आम्ही स्कॉटलंडच्या पार उत्तर किनाऱ्यावर राहायला आलो. नवरा घरात बसून एडिनबराच्या एका फर्मसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि वारा सुटला की ब्रॉडबँडला शिव्या घालतो. मी घरोघरी जाणारी नर्स. सकाळी गाडीत बॅग टाकायची आणि ड्रेसिंग, इंजेक्शनं, रक्तदाब करत दुपारपर्यंत हिंडायचं. माझ्या यादीत सत्तरीच्या आतलं माणूस शोधून सापडत नाही. शाळेतली मुलं एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, आणि त्यातली दोन शाळेच्या बाईंचीच आहेत.

गावातून एकच अरुंद रस्ता माळाकडे आणि पुढे समुद्राकडे जातो. मेंढ्या गावात शिरू नयेत म्हणून त्यावर एका जागी लोखंडी फाटक आहे. फाटकापलीकडे तीन घरं. पहिल्यात तिशीतलं धडधाकट जोडपं राहतं. दुसरं एडिनबराच्या कोणाचं तरी सुट्टीचं घर, वर्षातले अकरा महिने त्याला कुलूप. तिसरं तिचं. वय ऐंशीच्या पुढे, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, मेंढ्या पाळून एकटी राहणारी. मी तिला मनातल्या मनात म्हातारी म्हणते. तोंडावर म्हणायची माझीही हिंमत नाही. सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेआठला, तिच्या न्याहारीच्या आधी, मी तिला इन्सुलिन टोचायचे; शनिवार-रविवारी दुसरी नर्स यायची. हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलं होतं: हात थरथरतात, स्वतः टोचून घेता येत नाही. काम पाच मिनिटांचं. पण तिथे माझी वीस मिनिटं जायची, कारण ती गावातल्या लोकांबद्दल बोलायला लागली की माझा पाय निघत नसे.

तिला साखरेचा आजार आहे हे गावात कोणालाही ठाऊक नव्हतं. माझी गाडी सगळ्यांना दिसायची, पण तिच्या पायाला जुनी जखम आहे अशी गावाची समजूत होती, आणि ती समजूत तिनंच पसरवली होती. त्याचं कारण तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. इथे आधी दारात सूप येतं, मग बाहेरगावच्या नातेवाइकाचा फोन येतो, आणि मग घर जातं. तिच्या दोन मैत्रिणींचं तसंच झालं होतं. दोघी आता शहरातल्या केअर होममध्ये होत्या आणि खिडकीतून कार पार्क बघत होत्या. तिचा एक भाचा ॲबर्डीनला होता, मनानं चांगला, पण दर ख्रिसमसला केअर होमची रंगीत पुस्तिका घेऊन येणारा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला कोणी मराठीत सांगायची गरज नव्हती.

अशा आमच्या गावात गेल्या वर्षी रॉकेट कंपनी आली. आली म्हणजे यायचं म्हणाली. छोटे उपग्रह सोडणारी छोटी रॉकेटं बनवायची, आमच्या माळावरून उडवायची, खाली समुद्रच असल्यामुळे पडली तरी माशांच्या डोक्यावर, असा बेत. कंपनीनं तोवर एकही रॉकेट आकाशात धाडलं नव्हतं, आणि हे त्यांनी लपवलंही नाही. सगळं प्रायोगिक आहे, असं ते प्रत्येक वाक्यात सांगत. गावाची संमती असेल तरच येऊ, असं त्यांनी कबूल केलं होतं. म्हणून दोन सभा ठरल्या: पहिली चर्चेची, दुसरी मतदानाची.

महिन्याभरात गाव दुभंगलं. कुंपणांवर 'हो' आणि 'नको' असे फलक लागले. पोस्टाच्या रांगेत 'नको'वाले 'हो'वाल्यांशी फक्त हवामानावर बोलू लागले. हवामान इथे एरवीही भरपूर असतं, त्यामुळे ते निभावलं. 'नको'वाल्यांना तळ्यावरच्या पक्ष्यांची आणि हजारो वर्षं साचलेल्या पीटची काळजी होती, म्हणजे इथे लोक वाळवून जाळतात त्या मातीची. 'हो'वाल्यांना शाळेची काळजी होती. मी सरळ 'हो'वाली. ज्या गावात मी फक्त म्हाताऱ्यांना टोचते, तिथे एखादं बाळ जन्मावं, त्याला लस द्यावी, ही माझी साधी इच्छा होती. नवरा ब्रॉडबँडसाठी 'हो'वाला.

पहिली सभा गावच्या हॉलमध्ये झाली. कंपनीचा माणूस तरुण, नम्र, नवे कोरे बूट घालून आलेला. त्या बुटांनी माळावर पाऊल टाकलेलं नव्हतं हे मागच्या रांगेलाही दिसत होतं. त्यानं नकाशा दाखवला. उड्डाणाच्या दिवशी फाटक पहाटेपासून दुपारपर्यंत बंद राहील, तीन घरं धोक्याच्या बाहेर आहेत, त्यांनी फक्त घरात थांबायचं. "तसा फाटकापलीकडचा भाग जवळजवळ रिकामाच आहे," तो म्हणाला. "कोणाची गैरसोय होणार नाही."

रिकामा! माझं डोकं तडकलं. हॉस्पिटलात काम केलेल्या माणसाला तो शब्द फक्त खाटेबद्दल ऐकायची सवय असते. मी उभी राहिले. माईक कोणी देऊ केला, तो मी नाकारला, मला लागत नाही.

"मी तुमच्याच बाजूची आहे," मी म्हटलं. "पण रिकामा म्हणू नका. मी रोज सकाळी साडेआठला ते फाटक उघडते. पलीकडे एक पेशंट आहे, जिला न्याहारीआधी इन्सुलिन लागतं आणि ते स्वतः घेता येत नाही. तुमचं रॉकेट वर जाईपर्यंत तिनं काय करायचं, ते आधी सांगा."

टाळ्या पडल्या. 'नको'वाल्यांनी जास्त वाजवल्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. कंपनीचा माणूस पेन काढून लिहून घ्यायला लागला. मी खाली बसले, आणि खोटं कशाला बोलू, मला माझा अभिमान वाटला. म्हातारी सभेला आली नव्हती. तिच्या एका मेंढीच्या खुराला काहीतरी झालं होतं.

घरी परतताना नवरा गाडीत नुसता फोन चाळत होता. काही खटकलं की तो तसंच करतो.

"काय झालं? बरोबर बोलले ना मी?"

"पॉइंट बरोबर होता."

"मग?"

"तू नाव घेतलं नाहीस, फाइन. पण गेटच्या पलीकडे तीनच घरं आहेत. एक लॉक्ड. पहिल्यातले ते दोघं मॅरेथॉन पळतात. मग राहिलं कोण?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पेशंटबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, हे मला मिरजेत पहिल्या वर्षी शिकवलेलं. लंडनमध्ये मी ही चूक केली नव्हती, करूच शकले नसते. तिथे 'एक पेशंट' म्हटलं की लाखातला एक असतो. इथे तीनांतला एक. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर त्याबद्दल टाळ्याही घेतल्या. मला स्वतःची इतकी लाज वाटली की घरी जाऊन मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजता मी स्वतःहून मॅनेजरला फोन करून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, माझ्या फाइलमध्ये नोंद केली, आणि पेशंटची लेखी माफी मागायला सांगितलं. तिनं आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

साडेआठला पोचले तर म्हातारीच्या पायरीवर सूपचा डबा होता. शेजारी साखर न घातलेला केक, त्यावर चिठ्ठी. दार उघडंच होतं. ती टेबलापाशी बसली होती.

"पहिला डबा साडेसहाला आला," ती म्हणाली. "इतक्या लवकर तर माझ्या नवऱ्याच्या मयतीलाही कोणी आलं नव्हतं."

मी माफीचं पत्र दिलं. तोंडानंही मागितली. मी माफी क्वचित मागते, पण मागते तेव्हा पुरती मागते, कारणं देत नाही. तिनं पत्र वाचलं, घडी घातली आणि दंड पुढे केला. मी इन्सुलिन टोचलं. त्या दिवशी ती गावाबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि मी पाच मिनिटांत बाहेर पडले.

पुढे व्हायचं तेच झालं. कुंपणांवरच्या 'नको'च्या फलकांखाली नवी ओळ आली: रॉकेट आधी की इंजेक्शन आधी? रविवारी भाच्याचा फोन आला. आत्याला रोज इंजेक्शन लागतं हे त्याला कोणा तिसऱ्याकडून कळावं याचं त्याला वाईट वाटलं होतं, आणि ते रास्तही होतं. रस्ता बंद होणार असेल तर आता हिवाळ्याच्या आत शहरात जायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. घर तिचं होतं. ठरवत मात्र तो होता, आणि त्याच्या हाती कारण मी दिलं होतं.

मी हातावर हात ठेवून बसणारी नाही. मी कंपनीच्या त्या तरुणाला फोन केला, दोनदा केला, आणि आठवड्याच्या आत पत्र मिळवलं: उड्डाणाच्या दिवशीसुद्धा सकाळी साडेआठला नर्सच्या गाडीसाठी फाटक उघडलं जाईल. सही, शिक्का, सगळं. प्रश्न सुटला. मी ते पत्र घेऊन म्हाताऱ्या बाईसमोर अशी गेले, जशी परीक्षेत पहिली आलेली मुलगी प्रगतिपुस्तक घेऊन जाते.

तिनं चष्मा लावून ते सावकाश वाचलं.

"म्हणजे तू त्यांना दुसऱ्यांदा सांगितलंस," ती म्हणाली. "या वेळी लेखी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

"मला एक सांग," ती म्हणाली, "दर वसंतात या घरच्या मेंढ्यांना सुया कोण टोचतं असं तुला वाटतं? तू?"

तिनं माझ्या हातातून इन्सुलिनचं पेन घेतलं. नवी सुई बसवली, दोन युनिट हवेत सोडून बघितली, आकडा फिरवला, स्वेटर वर केला आणि पोटाला टोचलं. मनात दहा मोजले. ओठ हलताना मला दिसले. सुई काढली, डब्यात टाकली, डब्याचं झाकण लावलं. एकदाही हात हलला नाही. मी वीस वर्षं नर्स आहे. जन्मभर मेंढ्यांना औषधं टोचणाऱ्या बाईला मी तीन वर्षं, कागदावर लिहिलंय म्हणून, कधी विचारलंच नव्हतं.

"मग कागदावर ते हाताचं कसं आलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तेव्हा थरथरत होते. नवरा जाऊन तीनच आठवडे झाले होते. पुढे थांबले."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगणार होते," ती म्हणाली. "पण मग डिसेंबर आला, आणि तू या टेबलावर डोकं ठेवून अर्धा तास रडलीस."

हे मी तुम्हांला सांगितलं नव्हतं. मी कोणालाच सांगत नाही. आमचा इथला पहिला डिसेंबर होता, नऊपर्यंत उजाडत नव्हतं, आणि मिरजेहून भावाचा फोन आला होता, की वडील गेले. मला तिकीट मिळालं नाही. नवऱ्यासमोर मी रडले नाही, तो घाबरला असता. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, तिचं इंजेक्शन नीट दिलं, बॅग बंद केली आणि मग उभं राहता येईना. तिनं तेव्हा एक शब्द विचारला नव्हता. मला वाटलं होतं, हात थरथरणाऱ्या म्हातारीला काय कळतंय.

"म्हणून तीन वर्षं?" मी म्हटलं.

"तुला यायला एक जागा हवी होती. मला काय, एक टोचणं."

मला राग आला, आणि त्या रागाखाली इतकी माया दाटून आली, की मी पेन बॅगेत टाकलं आणि ते तिचं आहे हे आठवून परत काढलं.

दुसऱ्या सभेला ती आली. स्वतःची जुनी गाडी स्वतः चालवत. हॉलमध्ये दोन्ही बाजूंच्या लोकांनी उठून तिला खुर्ची दिली, आणि तिनं भिंतीपाशी उभं राहणं पसंत केलं. मतदानाआधी तिनं बोलायची परवानगी मागितली.

"तुम्ही ज्या पेशंटबद्दल फलक लावलेत ती मी," ती म्हणाली. "सुई मला टोचता येते. माझं नाव सांगून कोणी मत मागू नका, इकडूनही नाही आणि तिकडूनही नाही. सूप चांगलं होतं. डबे दारात ठेवलेत, ज्याचे त्याने न्या."

कोणीतरी विचारलं, मग तुमचं मत कुठे?

"विरोधात," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये माझ्या मेंढ्या वितात. मला आवाज नको."

हॉल हसला. खूप दिवसांनी दोन्ही बाजू एकदम हसल्या. मग चिठ्ठ्या पेटीत पडल्या. मी 'हो' टाकली, आणि तिनं ते पाहिलं, आणि मान हलवली. गावानं थोडक्या मतांनी होकार दिला, पण अट घातली, की मेंढ्या विण्याच्या महिन्यांत उड्डाण नाही. कंपनीच्या माणसानं ती लगेच मान्य केली. आज माळावर त्यांच्या लाल खुंट्या आहेत, अजून दुसरं काही नाही. शाळेत नवं मूल एकही आलेलं नाही, पण येईल. माझं मत मी बदललेलं नाही.

भाचा मात्र हटून बसला होता. त्याला हॉलमधलं भाषण पुरत नव्हतं, त्याला कागद हवा होता. तो कागद द्यायचा तर नियम असा, की नर्सनं लागोपाठ तीन सकाळी समोर बसून बघायचं, पेशंट सगळं स्वतः आणि बरोबर करते की नाही, आणि मग सही करायची. सही झाली की पेशंटचं नाव यादीतून जातं. ती सही मला करायची होती. केली तर तिचं घर राहणार होतं आणि माझ्या सकाळी जाणार होत्या.

तीन दिवस मी त्या टेबलापाशी हात मांडीवर ठेवून बसले. मला हात मांडीवर ठेवून बसता येत नाही. तिनं बोट टोचून साखर बघितली, वहीत लिहिली, सुई बदलली, दहा मोजले. चूक सापडावी असं माझ्या एका कोपऱ्याला वाटत होतं, हे मी कबूल करते. सापडली नाही. तिसऱ्या दिवशी मी सगळ्या चौकटींत खुणा केल्या, सही केली आणि तारीख घातली.

"झालं," मी म्हटलं. "सोमवारपासून मी येणार नाही. गरज नाही."

"कागद मलाही वाचता येतो," ती म्हणाली. "मी विचारतेय, येणार कधी?"

मी सवयीनं डायरी उघडली. साडेआठच्या जागी आधीच दुसऱ्या कोणाचं तरी ड्रेसिंग लागलं होतं. तीन वर्षांत मी त्या घरात बॅग न घेता एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. तिनंही कधी बोलावलं नव्हतं, तशी वेळच मी येऊ दिली नव्हती.

"रविवारी?" मी म्हटलं.

"रविवारी ये." तिनं कागदाची घडी घातली. "खरं सांगू, शनिवार-रविवारी यायची ती नर्स तुझ्यापेक्षा हलक्या हाताची होती. पण तिला मी कधी 'बस जरा' म्हटलं नाही."